घरातील तैलचित्रांची निगा
(ज्युबिलीच्या तयारीनिमित्त आमच्या भिवंडीच्या धर्मग्रामात दिलेले भाषण)



ज्युबिली जवळ आली म्हणजे घरोघरी चुना-रंग निघतो, आल्तारावरची वस्त्रे धुतली जातात, आणि मग दृष्टी भिंतीवरील काळवंडलेल्या तसबिरीकडे वळते. गेल्या रविवारी मिस्सेनंतर एका भगिनीने आम्हांस विचारले, ‘फादर, आजीच्या वेळचे पवित्र मरियेचे तैलचित्र बटाट्याच्या फोडीने घासले तर उजळेल काय?’ या प्रश्नाचे उत्तर सर्वांसमक्ष देणे आम्हांस योग्य वाटते. कारण त्यात आमचा स्वतःचा एक अपराध गुंतलेला आहे.

आम्ही नवदीक्षित असता एका खेड्यात साहाय्यक होतो. तेथे एका विधवा बाईने देवळास अर्पण केलेले पवित्र मरियेचे चित्र मेणबत्त्यांच्या काजळीने काळे पडले होते. सणाच्या आदल्या दिवशी आम्ही उत्साहाच्या भरात साबणाचे पाणी व फडके घेऊन ते पुसले. प्रथम फडके काळे झाले, तेव्हा आनंद वाटला. मग ते निळे झाले. चार दिवसांनी गालावरचा रंग पापुद्र्यांनी गळू लागला. ती बाई काही बोलली नाही. तिने खाली पडलेले पापुद्रे पदरात वेचून घेतले. सेमिनरीत आम्हांस लॅटिन व तत्त्वज्ञान शिकविले होते; रंगाखाली काय असते हे मात्र कोणी सांगितले नव्हते.

बहुधा कापड, त्यावर सरस, त्यावर खडूचे वा सफेद्याचे अस्तर, मग तेलात खललेला रंग, आणि वर वार्निश, अशी तैलचित्राची घडण असते. जुन्या रंगास बारीक भेगा पडतात. त्यांतून पाणी शिरले की सरस फुगतो, कापड आकसते आणि रंग सुटतो. बटाटा, कांदा, पाव यांचा अंश त्याच भेगांत राहून आपल्या पावसाळ्यात बुरशीस अन्न होतो. रॉकेल व स्पिरिट वार्निशाबरोबर रंगही ओढून नेऊ शकतात. जवसाचे तेल चोळले तर चित्र दोन दिवस चकाकते, पुढे तेच काळवंडून असे घट्ट बसते की निपुणासही काढणे कठीण.

सद्हेतूने बिघाड टळत नाही. स्पेनमधील बोर्हा गावी देवळाच्या भिंतीवरील येशूचे तैलचित्र २०१२ साली एका वृद्ध भाविक स्त्रीने दुरुस्त करू घेतले, आणि मूळ मुख नाहीसे होऊन जगभर हसे झाले. आपल्या जवळ पाहावयाचे तर जुन्या गोव्याच्या वस्तुसंग्रहालयातील व्हाइसरॉयांची चित्रे पाहावीत. जुआंव द कास्त्रो यांनी १५४७ साली आरंभिलेल्या त्या मालिकेवर पुढील पिढ्यांनी दुरुस्तीच्या नावाखाली रंगांवर रंग चढविले.

मग घरी काय करावे? प्रथम ते तैलचित्र आहे की नाही हे पाहावे. पुष्कळ घरांत कागदावर छापून वार्निश लावलेली संतांची चित्रे असतात. मळवलीच्या रविवर्मा छापखान्यातून देवदेवतांची निघत, त्याच जातीची. भिंगाखाली ठिपके दिसले तर ते छापील समजावे, आणि त्यास पाण्याचा थेंबही लावू नये.

खऱ्या तैलचित्रास खिडकीशी तिरप्या उजेडात धरावे. कोठे रंग उचललेला वा गळणारा दिसला तर हात लावू नये. सर्व घट्ट असेल तर चित्र किंचित पुढे झुकवून, रुंद, कोऱ्या, मऊ केसांच्या कुंचल्याने वरून खाली हलकेच धूळ झाडावी. फडके नको, पिसांचा झाडणही नको. त्याची मोडकी काडी ओरखडा काढते. आमच्या भिवंडीत मागांवरून उडणारे सुताचे तंतू चौकटीच्या मागे खालच्या फटीत साचतात. ते काढताना कापडावर पाठीमागून दाब पडू देऊ नये. घरी एवढेच करावयाचे. काजळी व पिवळे वार्निश काढणे हे जाणत्याचे काम. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अशी विद्या जाणणारे लोक आहेत.

चित्र पावसाळी भिंतीस चिकटून न टांगता मागे कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावावेत, म्हणजे हवा खेळते. मेणबत्ती व उदबत्ती चित्राखाली न ठेवता दूर बाजूस ठेवावी.

त्या भगिनीचे चित्र आम्ही भिंगाने पाहिले. ते तैलचित्रच आहे, आणि मरियेच्या हनुवटीपाशी रंग उचलला आहे. तूर्त ते आमच्या खोलीत, स्वच्छ कागदावर उताणे ठेविले आहे.