पॅरिसची म्युझियम्स : एका फौजीच्या नजरेतून

मी चित्रकलेचा जाणकार नाही. आयुष्य पलटणीत गेलं. गेल्या वर्षी पत्नीबरोबर पाच दिवस पॅरिसला होतो, तेव्हा जे पाहिलं ते सांगतो.

सुरुवातीला एक कामाची गोष्ट. लूव्र मंगळवारी बंद असतं आणि ऑर्से सोमवारी. आम्ही नेमके मंगळवारी सकाळी लूव्रच्या दारात! पत्नी म्हणाली, "टेहळणी न करताच कूच केलंत वाटतं, कर्नलसाहेब?" मग नदी ओलांडून ऑर्सेला गेलो. १९०० सालचं हे रेल्वे स्टेशन १९८६ पासून म्युझियम झालं आहे. स्टेशनचं भलंमोठं घड्याळ अजून चालू आहे. खाली, जिथे गाड्या थांबायच्या, तिथे आता पुतळे उभे आहेत.

बुधवारी लूव्र. मोनालिसा जेमतेम ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ रुंद, पण तिच्यापुढे मोबाइलचं जंगल. आम्ही दोन मिनिटांत गर्दीतून बाहेर पडलो आणि त्याच मजल्यावरच्या मोठ्या फ्रेंच चित्रांच्या दालनात गेलो. तिथे माझे पाय थांबले.

समोर आंत्वान-ज्याँ ग्रो या चित्रकाराचं १८०८ सालचं चित्र होतं. पाच मीटरहून उंच, जवळजवळ आठ मीटर रुंद. फेब्रुवारी १८०७ मध्ये आयलाउला फ्रेंच आणि रशियन फौजा बर्फात भिडल्या. हजारो माणसं पडली आणि धड कोणीच जिंकलं नाही. दुसऱ्या दिवशी नेपोलियन रणांगणावरून फिरतोय, असा प्रसंग आहे. सम्राट दयाळू दिसला पाहिजे, ही चित्रकारांना घातलेली अटच होती. ग्रोने ती पाळली. मधोमध घोड्यावर नेपोलियन, हात पुढे केलेला. पण चित्राच्या तळाशी, अगदी आपल्या डोळ्यांसमोर, बर्फात पडलेली माणसं आहेत, आणि ती खऱ्या माणसांपेक्षा मोठी काढली आहेत. संगिनीवर रक्त गोठलंय. सम्राटाकडे मान वर करून बघावं लागतं. ही माणसं मात्र नजरेपुढून हटत नाहीत.

गुरुवारी लेझ अँव्हालिदला गेलो. तिथलं लष्करी म्युझियम १९०५ मध्ये सुरू झालं. चिलखतं, तोफा, गणवेश, सोनेरी घुमटाखाली नेपोलियनची समाधी. एकाच तिकिटात सगळं. पण ही इमारत मुळात म्युझियमसाठी बांधलेली नाही. १६७० मध्ये चौदाव्या लुईने ती जखमी आणि म्हाताऱ्या सैनिकांना राहण्यासाठी बांधायचा हुकूम दिला. त्याआधी असे सैनिक रस्त्यावर भीक मागत फिरायचे.

चौकातल्या तोफा बघत असताना एक वृद्ध गृहस्थ व्हीलचेअरवरून आमच्या शेजारून गेले. मांडीवर ब्लँकेट, मागे नर्स. मला वाटलं, आपल्यासारखेच पर्यटक. तिथला रखवालदार म्हणाला, "नाही, ते इथेच राहतात." साडेतीनशे वर्षांनंतरही त्या आवारात जखमी सैनिकांसाठी घर आणि इस्पितळ चालू आहे.

मला त्यानंतर तोफा दिसेनात. आठवत राहिला माझ्या कंपनीतला एक जवान. सीमेवर पाठीच्या कण्याला गोळी लागली आणि कमरेखालचं शरीर गेलं. तो पुण्यात खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरमध्ये आहे. हे सेंटर १९७४ पासून अशा जवानांसाठी चालतं. मी निवृत्त होऊन पुण्यातच राहतो. घरापासून खडकी अर्ध्या तासावर. तरी चार वर्षांत एकदाही गेलो नव्हतो. कारण विचाराल तर एकही नाही.

परतल्यावर तिसऱ्या दिवशी गेलो. त्याने चार वर्षांबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणाला, "साहेब, पॅरिसला गेला होता म्हणे. काय बघितलं?" मी मोबाइलवर आयलाउचं चित्र काढून दिलं. त्याने घोड्यावरचा नेपोलियन बोटाने वर सरकवला आणि खालचं बर्फ मोठं करून बघत राहिला.

"ह्या पोराला उचललं का हो नंतर?"

मी त्याला लारेची गोष्ट सांगितली. लारे हा नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन. लढाई चालू असतानाच घोड्यांच्या हलक्या गाड्यांतून जखमींना उचलायची पद्धत त्याने बसवली. हुद्दा न बघता जो जास्त जखमी, तो आधी, हा त्याचा नियम. आयलाउलाही तो होता. आज त्याची समाधी अँव्हालिदमध्येच आहे.

"म्हणजे उचललं असंल," तो म्हणाला, आणि मोबाइल परत दिला.

खरं तर मला ते माहीत नाही. पण तेव्हा मी मान हलवली.

तुम्ही पॅरिसला जाल तेव्हा मोनालिसा जरूर बघा. मग त्या बर्फाच्या चित्रासमोरही थोडं थांबा. आणि तुमच्या ओळखीचा असा कोणी जखमी फौजी असेल, तर परत आल्यावर त्याला फोटो दाखवायला जा. मी आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जातो.

जय हिंद.