कपाशीच्या रानातील स्वकीय



खेड्यात कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतात. दुकानदार म्हणतो, शेतकरीही म्हणतो. डब्यावरची विषाची लाल खूण कोणी वाचत नाही. या एका शब्दाची किंमत २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्याने मोजली. फवारणी करताना विषबाधा होऊन तेथे २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. दाट, उंच वाढलेली कपाशी, एकत्र कालवलेली दोन-तीन विषे आणि पाठीवर पंप घेतलेल्या मजुराच्या अंगात साधा सदरा!

२००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. आता फवारणी सरली, असे अनेकांना वाटले. परंतु बीटीचा रोख बोंडअळ्यांवर. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांना त्याचे भय नाही. पुढे गुलाबी बोंडअळीही तिला जुमानेनाशी झाली. बांधाकडेला साध्या कपाशीच्या ओळी लावायच्या, हा नियम फारसा पाळला गेला नाही आणि फरदडीच्या लोभाने अळीला उन्हाळ्यापर्यंत आसरा मिळाला. पंप पुन्हा पाठीवर चढला.

या विषाला आपपर कळत नाही. कपाशीवर ढालकिडा मावा खातो, क्रायसोपाची अळी मावा आणि किडींची अंडी फस्त करते, ट्रायकोग्रामा ही टाचणीच्या टोकाएवढी गांधीलमाशी बोंडअळीच्या अंड्यातच आपले अंडे घालते. सरसकट फवारणीत हे स्वकीय आधी मरतात. शत्रूची वंशवाढ वेगवान असते. तो लवकर सावरतो आणि पाहतो तो रान मोकळे. मग दुसरी फवारणी, तिसरी. सावकाराचे व्याज असेच चढते.

सूक्ष्मजीवांचे कार्य निराळे. एचएएनपीव्ही हा विषाणू केवळ हिरव्या बोंडअळीला ग्रासतो. ती पानासोबत तो खाते, काही दिवसांत शेंड्याकडे चढते आणि उलटी लटकून मरते; शेजारच्या ढालकिड्याला धक्काही लागत नाही. बिव्हेरिया, मेटारायझियम या बुरशी किडीच्या त्वचेतून आत शिरतात. मात्र ही साधने म्हणजे जादूची कांडी नव्हे. विषाणू उन्हात निष्प्रभ होतो, म्हणून फवारणी सायंकाळी हवी. बुरशीला दमट हवा हवी. अळी लहान असतानाच उपयोग होतो. बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीपर्यंत तर यातले काहीच पोचत नाही. स्वदेशीच्या नावाखाली कोणी लेबलाविना बाटल्या विकत असेल, तर त्यालाही दारात उभे करू नये.

नांदेड जिल्ह्यातील आष्टा गावाने १९९८ च्या सुमारास वेगळी वाट धरली. एकट्यादुकट्याच्या नव्हे, साऱ्या गावाच्या कपाशीवर शास्त्रज्ञांच्या सोबतीने एकात्मिक कीड नियंत्रण झाले. ट्रायकोग्रामाची कार्डे, एचएएनपीव्ही, निंबोळी अर्क, पक्ष्यांसाठी कपाशीत राळ्याच्या ओळी. यातील ‘सारे गाव’ हे दोन शब्द महत्त्वाचे. एकाने मित्रकीटक सोडायचे आणि शेजाऱ्याने विष मारायचे, याने काही साधत नाही.

ग्रामविकासाच्या कामासाठी गावात जाणाऱ्या कार्यकर्त्याने एवढे तरी शिकून जावे. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावायचे. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग सापडले, किंवा शेतभर फिरून तोडलेल्या २० हिरव्या बोंडांपैकी दोनांत गुलाबी अळी निघाली, तरच रासायनिक फवारणीचा विचार. तोवर पंप कोठीतच राहू द्यावा.