जागेची यादी संगणकावर ठेवताना



नारायणगाव, आळेफाटा, मंचर ही आपली पुणे-नाशिक रस्त्यावरची गावं. भाड्याची खोली, गाळा, प्लॉट, शेतजमीन यांची विचारणा इथे कायम चालू असते. जागा दाखवायचं काम पूर्वी पुरुषच करायचे. आता आमच्या गटातल्या काही जणीही करतात. म्हणून आज जागेची यादी संगणकावर कशी ठेवायची ते सांगतो. ज्या हे काम करत नाहीत त्यांनीही ऐका. तुमच्या माहेरची जमीन उद्या कुणाच्या तरी यादीत आलेली असेल.

मोबाइलवर दिसते ती जाहिरात असते. विकणारा सांगतो तेच तिथे लिहिलेलं असतं. मालक कोण, हे सरकारी नोंदीवरून पाहायचं. म्हणून आमचा पहिला नियम असा: शेतजमीन असो की प्लॉट, गट नंबर मिळाल्याशिवाय ओळ लिहायची नाही. गावठाणातली जागा असेल तर मिळकत पत्रिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा मिळकत क्रमांक घ्यायचा.

यादी एक्सेलमध्ये करा. एका जागेला एक ओळ. गाव, गट नंबर, क्षेत्र, उताऱ्यावरची सगळी नावं, उतारा पाहिल्याची तारीख, असे रकाने ठेवा. गट नंबरचा रकाना लिहिण्याआधीच ‘टेक्स्ट’ करून घ्या. नाहीतर तुम्ही १२/१ लिहिलं की संगणक त्याची तारीख करून टाकतो आणि नंतर तो गट शोधून सापडत नाही. अंक मराठी किंवा इंग्रजी, कुठलेही एकच ठेवा. मराठी युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फाँटमधलं नाव डोळ्यांना दिसतं, पण शोधायला गेलं तर मिळत नाही.

क्षेत्र उताऱ्यावर हेक्टर-आरमध्ये असतं. ०.४०.०० म्हणजे चाळीस आर, चाळीस एकर नव्हे. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, जवळपास एक गुंठा.

आता उतारा. महाभूलेखवर जिल्हा, तालुका, गाव निवडून गट नंबर टाकला की सातबारा फुकट पाहता येतो. नावाने शोधू नका. एकाच बाईचं नाव एकीकडे लक्ष्मी, दुसरीकडे लक्ष्मीबाई असतं. फुकटचा उतारा फक्त माहितीसाठी असतो. व्यवहाराला डिजिटल सहीचा उतारा काढा, त्याला १५ रुपये लागतात. उताऱ्यावर ‘प्रलंबित फेरफार’ असं लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. तिथे ‘नाही’ नसेल, तर नोंद बदलायच्या वाटेवर आहे. ती मंजूर किंवा रद्द होईपर्यंत जागा दाखवू नका.

मग ‘इतर हक्क’ वाचा. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, पुनर्वसनाचा शेरा तिथे असतो. भोगवटादार वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. आपल्या पश्चिम भागात आदिवासी खातेदारांच्या जमिनी आहेत. त्या जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीला विकता येत नाहीत. एजंट म्हणेल, नंतर बघू. आपण म्हणायचं, आधी परवानगी दाखवा.

आता आमच्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट. काही जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावामागे ए.कु.मॅ. किंवा ए.कु.क. असं असतं. म्हणजे तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर किंवा कर्ता. एकट्याचा मालक नव्हे. आई आणि बहिणींची नावं कित्येकदा खाली इतर हक्कात असतात, किंवा नसतातच. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला लेकाइतका हक्क मिळाला. वडील त्या आधी वारले असले तरी हक्क राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी कायदेशीर झालेली वाटणी किंवा विक्री मात्र त्याने मोडत नाही. म्हणून आमच्या यादीत एक जादा रकाना आहे: ‘बहिणी किती, सही कुणाची’. हक्कसोड झालं असेल तर नोंदणी झालेला दस्त पाहायचा. भाऊ म्हणाला, तिला काही नको, एवढ्यावर ओळ लिहायची नाही. तिला फोन लावायचा.

नंतर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची २ शोधा. एकाच जागेचा दुसरा व्यवहार आधीच झालाय का, ते तिथे कळतं. तिथे एक-एक वर्ष निवडून पाहावं लागतं. गट १२/१ असेल तर नुसतं १२ टाकून पाहा, कारण प्रत्येकाने नंबर वेगळ्या तऱ्हेने लिहिलेला असतो. ‘आपली चावडी’वर गावातल्या फेरफाराच्या नोटिसा दिसतात. हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. ती लेखी द्या, तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, आणि पोच घ्या.

पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे असतील तर प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी लागते. असे प्लॉट दाखवणाऱ्या एजंटालाही नोंदणी लागते. त्याला प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते. नोंदणीशिवाय काम केलं तर दिवसाला दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. हे दुसऱ्यांना लागू तसं आपल्यालाही लागू. प्रकल्पाची आणि एजंटाची नोंदणी महारेराच्या संकेतस्थळावर तपासता येते.

शेवटचं, केंद्रातला संगणक सगळ्यांचा असतो. पासवर्ड साठवू नका, ओटीपी कुणाला सांगू नका, उतरवलेल्या फाइली पुसून उठा. मालकिणीचा आधार नंबर आणि फोन व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नका. यादी गटाला द्यायची तर ते रकाने काढून द्या. आणि उतारा पाहून तीन महिने झाले असतील तर पुन्हा काढा. जुनी ओळ म्हणजे खोटी ओळ, असंच धरून चाला.

येत्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या सासरचा आणि माहेरचा गट नंबर वहीत लिहून आणा. ज्यांना तो माहीत नाही त्यांनी घरी विचारा. विचारल्यावर घरात कोण काय म्हणतं, तेही बैठकीत सांगा. एकेकीचा उतारा आपण सगळ्या मिळून वाचू.