कुंडीतला पिंपळ



आपल्या वस्तीत कोणाच्या भिंतीत पिंपळ उगवत नाही? दीक्षाभूमीचा बोधिवृक्ष भदन्त आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेहून आणला, म्हणून पिंपळावर कुऱ्हाड घालायला आपला हात धजत नाही. पण मुळं भिंत फोडतातच. आम्ही सांगतो, मृगाच्या पावसात रोप मुळासकट काढा, उथळ कुंडीत लावा. फांदी वाढली की दोन-तीन पानं ठेवून छाटा, चीक ओल्या फडक्यानं पुसा. तांब्याची तार सैल गुंडाळून वळण द्या. फांदी लवकर जाड होते, साल दबायच्या आत तार सोडा. मे महिन्यात पारा ४५ वर जातो, तेव्हा सकाळ-संध्याकाळ पाणी घाला. भिंतही वाचेल, पिंपळही.