मतदानाला निघण्याआधी



इंग्लंडमध्ये मतदानाची रीत पिढ्यान् पिढ्या साधी होती. केंद्रावर जायचं, नाव-पत्ता सांगायचा. टेबलामागचा कर्मचारी यादीवर पट्टी ठेवून तुमची ओळ शोधायचा, खूण करायचा, की मतपत्रिका हातात. २०२२च्या निवडणूक कायद्यानं ही रीत बदलली. ४ मे २०२३च्या स्थानिक निवडणुकांपासून फोटो असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं. त्या पहिल्या खेपेला सुमारे १४,००० मतदार मत न देताच परतले, अशी नोंद निवडणूक आयोगानं केली आहे. २०२४ची सार्वत्रिक निवडणूकही याच नियमानं झाली.

हा विषय आपला आहे. कायदेशीर वास्तव्य असलेला भारतीय नागरिक राष्ट्रकुलातला म्हणून इथे मत देऊ शकतो. ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. आपल्यातल्या कितीतरी लोकांना हे ठाऊकच नसतं. मात्र मतदार यादीत नाव हवं, आणि ते मतदानाच्या १२ कामकाजी दिवस आधीपर्यंत नोंदवावं लागतं.

ओळखपत्र म्हणून आपला भारतीय पासपोर्ट चालतो. मुदत संपलेला असला तरी चालतो, फक्त फोटोवरून तुम्ही ओळखू यायला हवं. आधार कार्ड चालत नाही, भारतातलं ड्रायव्हिंग लायसन्सही नाही. झेरॉक्स किंवा मोबाईलमधला फोटो तर मुळीच नाही. मूळ कागदच न्या.

आपल्याकडे खरी अडचण येते ती नावाची. पासपोर्टवर माहेरचं नाव आणि मतदार यादीत सासरचं, हे घरोघरी दिसतं. कुठे वडिलांचं नाव मध्ये येतं, कुठे गळतं. किरकोळ फरक असेल तर बिघडत नाही. आडनावच वेगळं असेल तर लग्नाचा दाखला सोबत ठेवा, किंवा आधीच यादीतलं नाव दुरुस्त करून घ्या. टेबलापुढे उभं राहून, मागे रांग खोळंबलेली असताना हे समजावून सांगणं आपल्या आई-मावशांना फार जड जातं.

काही जणांकडे चालणारं कुठलंच ओळखपत्र नसतं. त्यांच्यासाठी सरकार मतदार प्रमाणपत्र मोफत देतं. फोटो आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर घेऊन ऑनलाइन किंवा कागदी अर्ज करायचा. मुदत मतदानाच्या सहा कामकाजी दिवस आधी संध्याकाळी पाचपर्यंत. टपालानं मत देणाऱ्यांना केंद्रावर कागद दाखवण्याचा प्रश्नच येत नाही. म्हाताऱ्या माणसांसाठी ही सोय उत्तम.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. लंडनमधल्या साठीपुढच्या प्रवाशाचं ऑयस्टर कार्ड ओळखपत्र म्हणून ग्राह्य धरलं गेलं आणि तरुणांचं रेल्वे सवलतीचं कार्ड यादीबाहेर राहिलं. दोन्हींवर फोटो असतो. पहिल्यांदा मत देणाऱ्या पोरांनाच अशानं दार जड होतं. म्हणून घरात कॉलेजात जाणारं कुणी असेल तर त्याचा पासपोर्ट कुठे आहे, हे आजच विचारा.

आणि विसरलातच, तर रागावून घरी बसू नका. ओळखपत्र घेऊन पुन्हा जा. मतदान केंद्रं सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत उघडी असतात.