सातबाऱ्यावर न सापडणारा सडा



स्वागताध्यक्ष म्हणून माझं नाव निघालं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी आंबा बागायतदार. दुर्मीळ वनस्पतींच्या परिषदेत माझी जागा खरं तर आरोपीच्या पिंजऱ्यात! पंचवीस वर्षांपूर्वी मी सड्यावर, म्हणजे इथल्या कातळाच्या पठारावर, सुरुंग लावले, कातळ फोडला, दुसरीकडची माती आणून खड्डे भरले आणि कलमं लावली. चार पैसे मिळाले, ते नाकारत नाही. त्या खड्ड्यांच्या जागी आधी काय उगवत होतं, हे मात्र मी पाहिलं नव्हतं. सातबाऱ्यावर त्या जमिनीपुढे एकच शब्द होता, पोटखराबा. महसुलाच्या हिशेबात तो बरोबरच आहे. पण वर्षानुवर्षं वाचला की तो डोळ्यांवर बसतो.

मे महिन्यात या कातळावर अनवाणी पाय ठेववत नाही. जूनचे पहिले दोन-चार पाऊस झाले, की त्याच्याच भेगांतून पांढऱ्या फुलांची दिपकाडी वर येते. ती इथली प्रदेशनिष्ठ. तिच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे. एकोणिसाव्या शतकात डालझेल नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिची नोंद केली, आणि आम्ही तिच्यावरून गुरं हाकत राहिलो. श्रावण-भाद्रपदात पाणथळ जागी गेंद पांढराशुभ्र होतो, शेजारी निळीजांभळी सीतेची आसवं. नाव हळवं, झाड मात्र शिकारी! कातळावरच्या बोटभर मातीत नत्र तुटपुंजं, म्हणून ते बारीक फुग्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून पोट भरतं. ऑक्टोबर सरता सरता सगळं वाळून जातं. डिसेंबरात पाहणीला येणाऱ्याला काळा दगड दिसतो, तो ‘ओसाड’ लिहून जातो, आणि त्यात तो खोटंही बोलत नाही. पाहणी पावसाळ्यात व्हावी एवढी साधी गोष्ट आम्हाला अजून मागावी लागते.

सड्यावर झाडं नाहीत, म्हणून त्याला जंगल कोणी म्हणत नाही. बराचसा सडा खासगी मालकीचा. मग तो राखायचा कसा? साताऱ्याचं कास पठार 2012 साली जागतिक वारशात गेलं, तरी तिथेही कुंपण घालून चराई थांबवल्यावर गवत माजतं आणि फुलं दबतात की काय, असा वाद झालाच. तेव्हा नुसतं कुंपण हा उपाय नव्हे. आमच्याकडच्या सड्यांवरची कातळशिल्पं 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्याचा आनंद आहे. पण चित्राच्या खोबणीत साचलेल्या पाण्यात जे उगवतं, त्याची यादी कोण करणार?

आणि चिरेखाणीबद्दल बोलायलाच हवं. बागेत दोन कलमांच्या मध्ये थोडा कातळ तरी राहतो. खाणीत वरचा थरच उचलला जातो, मग कंदाला जागा राहत नाही आणि बियांनाही. माझं घर चिऱ्याचंच आहे, म्हणून आवाज चढवत नाही. पण कुठला सडा कापायचा आणि कुठला ठेवायचा, हे ठरवण्याआधी तिथे काय आहे ते गावाला माहीत असायला नको का?

त्यासाठी नवा कायदा नको. 2002 च्या जैवविविधता कायद्याने ग्रामपंचायतीला समिती दिली, लोक जैवविविधता नोंदवही दिली. ती कपाटात असेल तर बाहेर काढा. गुराख्याला विचारा, फोडशीची भाजी खुडणाऱ्या बायकांना विचारा. कुठल्या डबक्याकाठी काय उगवतं ते त्यांना पाठ आहे.

तुम्हा सर्वांचं मनापासून स्वागत. दुपारच्या जेवणात फोडशी आहे. त्यानंतर सड्यावर जायचंय, शेवाळावर पाय घसरतो, जपून चाला आणि नमुन्यासाठी म्हणून कंद उपटू नका. माझ्या बागेच्या गडग्यापलीकडे दोन एकर कातळ उरलाय. तो मी फोडणार नाही. आमच्या नोंदवहीतलं त्याचं पहिलं पान आज तुमच्या हातून लिहिलं जावं, एवढी विनंती.