औषध पोचलं का?

आज मी चाकसूहून बोलतोय. जयपूरच्या दक्षिणेला, कोट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, शीतलामातेच्या जत्रेसाठी ओळखलं जाणारं हे गाव. इथे बाजरी-मोहरीच्या रानात राबणाऱ्यांच्या पायात काटा मोडणं नेहमीचंच. पण ‘शुगर’ असलेल्या माणसाला तोच काटा महागात पडतो. जखम चिघळते, अँटिबायोटिक सुरू होतं, आठ दिवसांनीही पाय तसाच, आणि घरचे विचारतात, “औषध बदलायचं का?” लातूर असो, इंदूर असो की बेळगाव, प्रश्न हाच. माझं म्हणणं एवढंच, की त्याआधी आणखी एक प्रश्न विचारा: दिलेलं औषध जखमेपर्यंत पोचलं का?

हे मोजणं वाटतं तितकं सोपं नाही. मोजायचं झालं तर बहुतेक वेळा आपण रक्तातलं प्रमाण मोजतो. म्हणजे कालव्याच्या तोंडाशी पाणी मोजल्यासारखं. त्यावरून टेलच्या शेतकऱ्याचं रान भिजलं की नाही, ते कळत नाही. मधुमेहात पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील, तर पाऊल म्हणजे टेलचंच रान.

मग जखमेजवळच्या मांसाचा तुकडाच घेऊन मोजला तर? ही पद्धत वर्षानुवर्षं चालली. तुकडा कुटायचा, लगदा करायचा आणि त्यातलं औषध मोजायचं. आता भरलं वांगं मिक्सरमधून काढून त्यातलं मीठ मोजा. आकडा मिळेल, पण मसाला खारट होता की वांगं अळणी होतं, ते कळणार नाही. मांसातही तसेच वेगवेगळे कप्पे असतात: रक्त, पेशींच्या बाहेरचा द्रव आणि पेशींच्या आतला भाग. जखमेतले नेहमीचे जंतू मुख्यतः पेशींच्या बाहेरच्या द्रवात वाढतात.

पेनिसिलीनच्या कुळातली औषधं बहुतांशी पेशींच्या बाहेर राहतात. समजा, १०० ग्रॅम मांसात असा द्रव १५ मिलिलिटर आहे आणि त्यात औषधाचं प्रमाण लिटरला २० मिलिग्रॅम आहे. लगदा केला की ते सगळ्या तुकड्यात पसरतं आणि आकडा येतो किलोला ३ मिलिग्रॅम. औषध पुरेसं असूनही कमी दिसतं. अझिथ्रोमायसिनचं उलट. ते पेशींच्या आत साठतं. लगद्यात भरपूर दिसतं, पण बाहेरच्या जंतूंच्या वाट्याला थोडंच येतं. यंत्र दोन्ही वेळा बरोबर असतं. तराजू चोख आहे, पण पारड्यात काय ठेवलंय?

आणखी एक मेख आहे. रक्तातलं सगळं औषध कामाचं नसतं. सेफट्रायाक्झोनचा सुमारे ८५ ते ९५ टक्के भाग रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो. जंतूंवर काम करतो तो मोकळा भाग.

यावर चांगला उपाय म्हणजे मायक्रोडायलिसिस. केसासारखी बारीक नळी मांसात बसवतात. तिच्या टोकाला सूक्ष्म छिद्रांचा पडदा असतो. आतून मिनिटाला एक-दोन मायक्रोलिटर द्रव वाहतो. औषधाचे मोकळे रेणू पडदा ओलांडून आत येतात, मोठी प्रथिनं बाहेरच राहतात. त्यातलं किती टक्के औषध नळीत येतं, हे आधी तपासावं लागतं. ते चुकलं तर पुढचं सगळं गणित चुकतं. पण तुकडा एका क्षणाचं चित्र देतो, तर ही नळी तासातासाचा हिशेब देते. पेनिसिलीनसारख्या औषधांचा परिणाम पुरेशी पातळी किती वेळ टिकली यावर ठरतो, म्हणून तो हिशेब मोलाचा.

मोजमाप नेहमीच उपचाराच्या बरोबरीनं चाललं आहे. १९४० च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये नॉर्मन हीटली जंतू पेरलेल्या बशीवर छोट्या नळ्या उभ्या करून त्यांत नमुना भरत. भोवती जंतू न वाढलेलं जेवढं मोठं वर्तुळ, तेवढं पेनिसिलीन जास्त. १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला ते दिलं, तेव्हा साठा इतका तोकडा होता की त्याच्या लघवीतून पेनिसिलीन परत काढून वापरलं गेलं. तो आधी सुधारला, पण औषध संपलं आणि तो वाचला नाही.

मायक्रोडायलिसिस आजही मुख्यतः संशोधनातच वापरतात. तालुक्याच्या दवाखान्यात ते मिळणार नाही, पण त्यातून मिळालेली समज तिथेही वापरता येते. “हे औषध मांसात उत्तम पोचतं” असं कुणी म्हणालं, तर तीन गोष्टी विचारा. कोणत्या कप्प्यात मोजलं? एकूण की मोकळं? डोस दिल्यावर किती वेळानं? आणि घरातल्या कुणाच्या पायाची जखम भरत नसेल, तर डॉक्टरांना विचारा: पायाचा रक्तपुरवठा तपासला का? पू आणि मेलेलं मांस काढलं का? मेलेल्या मांसात रक्तच जात नाही, तिथे औषध कुठून जाणार? औषध बदलण्याआधी वाट मोकळी झाली, तर कदाचित पायही वाचेल.